लोअर विंटलमधला तिसरा होकार

समाज किती सुसंस्कृत आहे हे त्यातली किती माणसं बिनपगारी राबतात यावरून ठरवावं, असं या विषयातल्या पगारी तज्ज्ञांचं मत आहे. हे माप लावलं तर हॅम्पशायरमधलं, बेसिंगस्टोकपासून सात मैलांवरचं लोअर विंटल हे खेडं जगातल्या अग्रगण्य वस्त्यांत मोडावं. आमच्या हकिगतीच्या काळात, म्हणजे १९९२-९३ साली, गावची लोकसंख्या चारशे बारा होती आणि स्वयंसेवी संस्था एकतीस होत्या. त्यांत चर्चमधली फुलं बदलणारी समिती होती आणि चर्चचं छप्पर बदलणारीही होती (दोन्ही एकाच वर्षी स्थापन झाल्या, फुलं दर शनिवारी बदलली जातात). पायवाटा मोकळ्या ठेवणारं मंडळ होतं, तळ्यातल्या बदकांचं मंडळ होतं, आणि त्यातून तात्त्विक मतभेदांमुळे फुटून निघालेलं बदकांच्या पिल्लांचं मंडळ होतं. एकट्या म्हाताऱ्यांना गरम जेवण पोचवणारं पथक होतं. 'नेबरहुड वॉच' १९८४ साली निघालं. त्याआधी शेजाऱ्यांवर नजर ठेवण्याचं काम लोक आपापल्या खिडकीतून, संघटनेविना करत असत.

प्रत्येक संस्थेला आठ पदाधिकारी धरले तर दोनशे अठ्ठेचाळीस पदं होतात. गावात चालतेफिरते प्रौढ होते दोनशे एकोणतीस. म्हणजे प्रत्येकाने एकेक पद घेतलं तरी एकोणीस पदं उरतातच. शिवाय काही माणसं विचारल्यावर 'नको' म्हणतात. गावच्या सार्वजनिक जीवनातली ही एकमेव अडचण होती. ती कशी दूर झाली आणि त्यात एका माणसाचं काय झालं, एवढंच इथे नोंदवायचं आहे.

गावाचं एक मासिक वार्तापत्र होतं, 'विंटल मेसेंजर'. पानं चार. पहिल्या पानावर घडलेल्या गोष्टी असत (जानेवारी १९८८: 'तळं गोठलं'), दुसऱ्यावर घडणाऱ्या ('तळं वितळल्यावर सभा'), तिसऱ्यावर नियम आणि हरवलेले हातमोजे. चौथ्या पानावर एकतीस संस्थांच्या पदाधिकाऱ्यांची नावं आणि फोन नंबर. लोक पहिली तीन पानं वाचत आणि चौथं कापून स्वयंपाकघरात टाचून ठेवत. त्या पानावर ज्याचं नाव नाही तो गावात राहतो. ज्याचं आहे तो गावचा असतो. असं कोणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. इंग्लंडमधले पक्के नियम बोलून दाखवले जात नाहीत.

श्रीकांत आठल्ये या गावात १९८२ पासून राहत होते. बेसिंगस्टोकच्या एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी, पत्नी डॉ. उल्का जवळच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, मुलगी शिल्पा इंग्लंडातच जन्मलेली, चौदा वर्षांची. दहा वर्षांत श्रीकांतनी गावाची जी सेवा केली ती अशी: दरमहा सत्तेचाळीस घरी मेसेंजर टाकणे, पावसापाण्यात, जत्रेचा तंबू उभारणे दहा वेळा, पडलेला पुन्हा उभारणे चार वेळा, म्हाताऱ्यांना डोळे तपासायला गाडीतून नेणे-आणणे, सुगीच्या जेवणानंतर कपबशा विसळणे (हे काम ते घरी करत नाहीत, असं डॉ. उल्कांनी स्वतंत्रपणे कळवलं आहे). चौथ्या पानावर मात्र त्यांचं नाव दहा वर्षांत एकदाही आलं नव्हतं. तिसऱ्या पानावर एकदा आलं होतं, डाव्या हातमोज्याच्या संदर्भात.

यात गावाचा दोष नव्हता. गावाने त्यांना रीतसर चार वेळा विचारलं होतं: १९८४ मध्ये बदकांसाठी, १९८६ मध्ये तंबूसाठी, १९८९ मध्ये पायवाटांसाठी आणि १९९१ मध्ये भाज्यांच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून. चारही वेळा श्रीकांतनी हात जोडल्यासारखे करून एकच वाक्य म्हटलं: "छे छे, माझ्याहून लायक कोणीतरी असेलच की."

मिरजेत, जिथे श्रीकांत वाढले, या वाक्याचा अर्थ 'हो, पण आणखी दोनदा विचारा' असा होतो. पहिल्या खेपेला नको म्हणायचं, दुसऱ्या खेपेला 'अहो, कशाला उगाच' म्हणायचं, आणि तिसऱ्या खेपेला 'तुम्ही एवढं म्हणताच आहात तर' म्हणून पुढे व्हायचं. तिथे माणसं याच क्रमाने जेवतात आणि याच क्रमाने अध्यक्ष होतात. लोअर विंटलमध्ये मात्र 'नको' म्हणजे नको. इतिवृत्तात चारही वेळा एकच नोंद आहे: 'मिस्टर आठल्ये यांनी नम्रपणे नकार दिला. समितीने त्यांच्या इच्छेचा आदर केला.' १९८६ साली तर श्रीकांतनी दुसरा नकार आणि त्यानंतरच्या स्वीकाराचं छोटं भाषणही तयार ठेवलं होतं. पहिल्या नकारानंतर ते साडेतीन सेकंद अपेक्षेने उभे राहिले. तोवर सभा तंबूच्या खुंट्यांवर गेली होती.

चौथ्या नकारानंतर ग्रामसमितीच्या अध्यक्षा मिसेस मार्जरी थॉर्न यांनी ठराव मांडला की मिस्टर आठल्ये यांना वारंवार विचारून संकोचात टाकू नये. मिसेस थॉर्न या अत्यंत दयाळू बाई. ठराव एकमताने मंजूर झाला. दयाळूपणामुळे तो श्रीकांतना कळवण्यात आला नाही. पण उल्काला तो केस कापणाऱ्या बाईकडून कळला, आणि उल्काकडून श्रीकांतना.

यापर्यंत कोणाचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं ते मिरजेत. श्रीकांतचे वडील आप्पा, वय त्र्याऐंशी, निवृत्त मुख्याध्यापक. हयातीत अकरा संस्थांवर होते, सगळीकडे तिसऱ्या आग्रहाला मान देऊन. ते दरमहा निळं एरोग्राम, म्हणजे घडीचं हवाई पत्र, पाठवत. त्यात प्रकृती, मग शेजारचा विनय आणि त्याची मुलं, आणि शेवटी एक ठरलेला प्रश्न: 'तुला गावाने कशावर घेतलं का?' श्रीकांतनी घर घेतल्याचं कळवलं तेव्हा आप्पांनी लिहिलं, 'आनंद वाटला. गावाने कशावर घेतलं का?' बढतीचं कळवलं तेव्हा लिहिलं, 'ते साहेबाने दिलं. मी गावाचं विचारतोय.' अलीकडच्या पत्रांत अक्षर कापरं झालं होतं. प्रश्न तोच होता.

१९९२ च्या नोव्हेंबरात मेसेंजरचे संपादक मिस्टर लेनर्ड कॉबल यांनी एकोणीस वर्षांनी निवृत्ती जाहीर केली. डोळे साथ देत नव्हते (वाचकांना याची कल्पना चार वर्षांपासून होती). नवा संपादक एप्रिलच्या वार्षिक सभेत निवडायचा होता. संपादकाचं नाव चौथ्या पानावर सर्वांत वर, ठळक.

"श्री, तुला हवंय ना ते?" उल्काने विचारलं.

"हवंय असं नाही. दिलं तर नाही म्हणणार नाही."

"दिलं तर पहिलं तेच म्हणशील. चारदा म्हणालास."

"अगं ती फॉर्मॅलिटी असते. पुन्हा विचारायला नको का त्यांनी?"

"का विचारतील? मी पेशंटला विचारते, एनी ॲलर्जीज? तो नो म्हणाला की मी आग्रह करते का, अहो असेल हो थोडीशी, लाजू नका म्हणून?"

"बाबा, इथे नो मीन्स नो," शिल्पा टोस्ट खात म्हणाली. "आमच्या स्कूलमध्ये पण तीच रूल आहे."

"तुमच्या स्कूलमध्ये मॅनर्स शिकवत नाहीत," श्रीकांत म्हणाले आणि मेसेंजर वाटायला निघून गेले.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी मिसेस थॉर्न तंबूचे दोर परत न्यायला आल्या. उल्काने चकल्या आणि नारळाच्या वड्या बाहेर काढल्या.

"नो थँक यू, मी आत्ताच जेवले," मिसेस थॉर्न म्हणाल्या.

"थोडं तरी," श्रीकांत म्हणाले.

"खरंच नको. तुम्ही उगाच त्रास घेताय."

"त्रास कसला? हिने घरी केलंय. अर्धी घ्या."

इथे इतिहासाला कलाटणी मिळाली. बशी कधी आपल्या हातात आली हे मिसेस थॉर्नना आजतागायत सांगता येत नाही. त्यांनी पाच चकल्या आणि तीन वड्या खाल्ल्या, दोन वड्या रुमालात बांधून घेतल्या, आणि मग दंडाधिकारी म्हणून काढलेल्या बावीस वर्षांच्या अनुभवाने विचारलं, "मिस्टर आठल्ये, आत्ता नेमकं काय झालं?"

श्रीकांतना अशी संधी दहा वर्षांत मिळाली नव्हती. त्यांनी सगळं शास्त्र उलगडून सांगितलं. पहिला नकार हा सभ्यपणा. दुसरा नकार हा नम्रपणा. दोन्ही मनातले नसतात.

"आणि तिसरा?"

"तिसरा नसतोच. तोवर बशी हातात असते."

मिसेस थॉर्न पिशवीतून छोटी वही काढून लिहून घेत होत्या. श्रीकांत पुढे झुकले. "म्हणजे बघा, एखाद्याला तुम्ही काही विचारलं, समजा एखाद्या पदाबद्दल, आणि तो एकदाच नको म्हणाला, तर खरं म्हणजे..."

"खरं म्हणजे आम्ही इतकी वर्षं त्याच्याशी फार उद्धटपणे वागलो!" मिसेस थॉर्न म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं (चकल्या तिखट होत्या). त्यांनी श्रीकांतचा हात हातात घेऊन दाबला आणि त्या तातडीने बाहेर पडल्या.

"समजलं तिला," श्रीकांत म्हणाले.

त्यांना समजलंच होतं. त्या थेट हॅरल्ड बंटिंगच्या घरी गेल्या. मिस्टर बंटिंग हे निवृत्त पोस्टमन. मधमाश्या पाळत आणि माणसं टाळत. बदकांच्या मंडळाचं चिटणीसपद ते गेली नऊ वर्षं नाकारत आले होते. मिसेस थॉर्ननी तिथेच तीनदा विचारलं. साडेचार वाजता मिस्टर बंटिंग चिटणीस झाले होते.

फेब्रुवारीत ग्रामसमितीने ही पद्धत अधिकृतपणे स्वीकारली आणि कृतज्ञता म्हणून तिला 'आठल्ये पद्धत' असं नाव दिलं. परिणाम थक्क करणारे होते. पाच आठवड्यांत एकोणीसच्या एकोणीस पदं भरली. बदकांच्या पिल्लांच्या मंडळात तर जागेहून दोन जण जास्त झाले आणि पिल्लं कमी पडू लागली. तीस-तीस वर्षं एका 'नो थँक यू'च्या आडोशाला सुखाने जगलेली माणसं एका दुपारीत खजिनदार झाली. मिसेस थॉर्न दिसल्या की लोक रस्ता ओलांडू लागले. पोस्ट ऑफिसात 'स्टँप हवेत का?' या प्रश्नालाही एकाने तो तीनदा ऐकण्याआधीच हो म्हटलं. गावात लोकांचं एकमेकांकडे जाणं-येणं चाळीस टक्क्यांनी घटलं. सार्वजनिक कार्य तेवढ्याच टक्क्यांनी वाढलं. एकूण सामाजिक जीवन, सरासरी काढली असता, जिथल्या तिथे राहिलं.

मार्चमध्ये एका उपसमितीने पद्धतीतली एक त्रुटी दाखवून दिली. पहिला नकार जर खरा नसेल, तर पहिला होकार तरी खरा कशावरून? तोही सभ्यपणाच असणार. विचारणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून माणूस हो म्हणून जातो, आणि अशा भिडस्त माणसाचा गैरफायदा घेणं हे तर उद्धटपणाहून वाईट. तेव्हा नियम असा झाला की पहिला होकार 'सौजन्याचा' आणि दुसरा 'नम्रतेचा' समजावा. दोन्हींवर कार्यवाही करू नये. मात्र कोणी तिसऱ्यांदा हो म्हणाला, तर तो खरा धरून त्याला पद द्यावं.

हा नियम एप्रिलच्या मेसेंजरमध्ये तिसऱ्या पानावर छापून आला. श्रीकांतनी तो स्वतःच्या हाताने सत्तेचाळीस घरी पोचवला. स्वतःची प्रत त्यांनी उघडलीच नाही, कारण घरात सराव चालू होता.

सराव पहिल्याच खेपेला हो म्हणण्याचा होता, कारण श्रीकांतना न विचारण्याचा ठराव अजून उभा होता आणि त्यांना कोणी दुसऱ्यांदा विचारेल याची उल्काला खात्री नव्हती. स्वयंपाकघरात, संध्याकाळी, नऊ दिवस.

"मिस्टर आठल्ये, विल यू बी अवर एडिटर?" शिल्पा ओट्यावर बसून विचारी.

"ओ नो, माझ्याहून..."

"बाबा!"

"येस. येस म्हणणार होतो."

"तुझी हात पण जोडू नको. आणि स्माइल कमी. डेस्परेट दिसते."

"मान हलवू नकोस," उल्का कांदा चिरताना म्हणे. "तुझी मान अजून नकोच म्हणतेय."

पहिल्या दिवशी 'येस' यायला चार सेकंद लागले होते. नवव्या दिवशी एकाच्या आत आला. त्या रात्रीच्या जेवणात श्रीकांतनी आमटी पहिल्याच विचारण्याला वाढून घेतली, आणि क्षणभर तिघांनाही चुकल्यासारखं झालं. आप्पांना त्यांनी आधीच लिहून टाकलं होतं: 'एप्रिलमध्ये बहुधा संपादक होईन.'

सभेला एकसष्ट माणसं हजर होती. विषय क्रमांक सहा, संपादकाची निवड. मिसेस थॉर्न म्हणाल्या की मिस्टर आठल्ये यांना न विचारण्याचा जुना ठराव आहे, पण ज्या माणसाच्या नावाने पद्धत चालते त्याला वगळणं बरं दिसत नाही.

"मिस्टर आठल्ये, आपण संपादक व्हाल का?"

"येस," श्रीकांत म्हणाले. हात खाली. मान स्थिर. "मला फार आवडेल."

मागून कोणीतरी 'किती गोड' म्हणालं आणि टाळ्या पडल्या. शिल्पाने आईचा हात दाबला.

मिसेस थॉर्ननी हात वर करून टाळ्या थांबवल्या. "मिस्टर आठल्ये, तुम्ही खरोखर सभ्य आहात. पण आम्ही तुमच्या सभ्यतेचा गैरफायदा घेणार नाही."

"नाही नाही, म्हणजे... हो. मला खरंच हवंय."

"हा दुसरा," मिसेस थॉर्न चिटणिसांना हळूच म्हणाल्या. "लिहून घ्या. नम्रतेचा."

श्रीकांतनी बाजूला पाहिलं. शेजारच्या बाईंच्या मांडीवर मेसेंजर होता, तिसरं पान वर करून. दोन होकार, मग तिसरा. त्यांनी ते तिथेच, उभ्याउभ्या वाचलं. फक्त एक शब्द बाकी होता. मिसेस थॉर्न थांबल्या होत्या. एकसष्ट माणसं थांबली होती. उल्का ओठांनी 'म्हण, म्हण' करत होती.

आठल्यांच्या घराण्यात आजवर कोणी स्वतःसाठी एखादी गोष्ट तिसऱ्यांदा मागितलेली नाही. जेवणात नाही, वाटणीत नाही, हुद्द्यात नाही. स्वयंपाकघरातल्या नऊ दिवसांत पहिला होकार बसवून झाला होता. दुसरा धक्क्याने निघून गेला होता. तिसऱ्यासाठी जे लागतं ते नऊ दिवसांत येत नाही. श्रीकांतचं तोंड उघडलं. हात आपोआप जोडल्यासारखे झाले. मग ते खाली बसले.

लोअर विंटल त्यांच्यासाठी साडेतीन सेकंद थांबलं होतं. इतिवृत्तात तशी नोंद आहे.

त्यानंतर मिस्टर बंटिंगना विचारण्यात आलं. ते नको म्हणाले, मग मुळीच नको म्हणाले, आणि तिसऱ्या वेळी त्यांनी खुर्चीवर मूठ आपटून सांगितलं की आपल्याला लिहिण्याचा तिटकारा आहे आणि वाचणाऱ्यांचाही. 'मिस्टर बंटिंग भावनावश झाले' असं नोंदवून त्यांची एकमताने निवड करण्यात आली.

श्रीकांतनी झालेली हकिगत आप्पांना जशीच्या तशी कळवली. खोटं लिहिण्याचा विचार त्यांनी केला होता, पण एरोग्रामवर जागा कमी असते. उत्तर मे महिन्यात आलं. प्रकृती ठीक. विनयची मुलं ठीक. मग कापऱ्या अक्षरात पुढचा मजकूर:

'तू पहिल्याच खेपेला हो म्हणालास हे वाचून वाईट वाटलं. आम्ही तुला काहीच शिकवलं नाही का? तिथल्या गावकऱ्यांनी सभ्यपणे सांभाळून घेतलं, हे त्यांचं मोठेपण. पद्धतीला नाव तुझं, आणि तिच्यात तूच नापास. तिसऱ्यांदा मात्र गप्प बसलास, ते बरं केलंस. मी असतो तर मीही बसलो असतो.'

त्या एरोग्रामवर ठरलेला प्रश्न नव्हता. पुढच्याही पत्रांत तो आला नाही. श्रीकांतनी ते पत्र स्वयंपाकघरात, जिथे इतर घरांत चौथं पान असतं, तिथे टाचून ठेवलं. मेसेंजर ते अजून सत्तेचाळीस घरी टाकतात. त्याचा मजकूरही आता बराचसा तेच लिहितात, कारण मिस्टर बंटिंगनी त्यांना एकदा सहज विचारलं, आणि ते नको म्हणाले, आणि बंटिंगनी पुन्हा विचारण्याची तसदी न घेता कागद त्यांच्या हातात कोंबले. चौथ्या पानावर नाव बंटिंगचं आहे.

आमच्या मराठी वाचकांना इंग्रजांची ही गंमत वाटेल. लंडनमधल्या हॅरोच्या हॉलमध्ये किंवा स्वतःच्या सोसायटीच्या गच्चीवर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले असताना, "यंदा कोण घेतंय जबाबदारी?" असं कोणी विचारलं तेव्हा तुम्ही 'छे छे, मी कसला' म्हणालात आणि मग थोडं थांबलात, ती गोष्ट अर्थात वेगळी होती. ते वर्ष, ती खुर्ची आणि पुढे कोणाची निवड झाली त्याचं नाव तुम्हाला आज पाठ आहे, हेही आम्ही जाणतो.

तर आता विचारतो. ही हकिगत पुढे चालू ठेवायला, लोअर विंटलसारखी आणखी गावं शोधून त्यांची नोंद ठेवायला एक माणूस हवा आहे. पगार नाही. नाव पानाच्या वर, ठळक येईल. घ्याल का?

ठीक आहे. तुमच्या इच्छेचा आम्ही आदर करतो.